गच्चीवरच्या स्ट्रॉबेरीसाठी

वाई,
२० सप्टेंबर

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

गच्चीवर स्ट्रॉबेरी लावायचं ठरवलंस, फार आनंद झाला. विकतची स्ट्रॉबेरी दिसायला लालभडक आणि खायला आंबट का, हा तुझा प्रश्न आधी घेते; पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आंबा, केळं, चिकू उतरवल्यावर घरात पिकतात. स्ट्रॉबेरी तशी पिकत नाही. तोडल्यावर रंग गडद होतो, फळ मऊ पडतं, पण गोडी वाढत नाही. रोपाने जेवढी साखर भरली तेवढीच. लांबच्या बाजारासाठी मात्र पाऊण रंग भरला की तोडावीच लागते, नाहीतर वाटेत तिचं पाणी होतं. शेतकऱ्याचा यात काही दोष नाही. महाबळेश्वरजवळच्या भिलारच्या वाफ्यावर खाल्लेलं फळ आणि शहरातल्या डब्यातलं फळ यांत फरक पडतो तो इथे. तुला तर फळ गच्चीवरून स्वयंपाकघरातच न्यायचं आहे, तेव्हा देठापाशीही पांढरं राहणार नाही इतकं लाल होऊ दे आणि मगच तोड.

बियांच्या पाकिटाच्या नादी लागू नकोस. बियांपासून त्याच जातीचं फळ मिळत नाही. इकडे परदेशातून मदर प्लांट, म्हणजे मूळ रोपं येतात, त्यांना सुटणारे रनर, म्हणजे जमिनीवर पसरणारे लांब फुटवे, पावसाळ्यात पिशव्यांत रुजवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तीच रोपं गादीवाफ्यावर जातात. तुला घरी खायला स्वीट चार्ली ही जात घे. ती लवकर लागते, गोड असते आणि आंबटपणा कमी. फळ नाजूक असल्यामुळे प्रवासाला वाईट, पण तुला कुठे पाठवायचंय? दुसरी जात कामारोजा, टणक आणि आतपर्यंत लाल. मुरंब्याला ती हवी.

पुण्यात ऑक्टोबरचं ऊन ओसरू लागलं की लाव. आठ इंची कुंडीत एकच रोप. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. महाबळेश्वरची तांबडी माती निचऱ्याची आणि किंचित आम्ल असते, या पिकाला तेच मानवतं. चिकट काळी माती एकटी वापरलीस तर मुळं कुजतील.

लावताना सगळ्यात जास्त लक्ष क्राऊनकडे दे. पानं जिथून फुटतात तो मुळांवरचा जाड बुंधा म्हणजे क्राऊन. तो मातीच्या बरोबर पातळीला हवा. आत गाडला गेला तर कोवळा कोंब कुजतो, वर राहिला तर मुळं उघडी पडून सुकतात. पहिलं पाणी घातल्यावर माती बसते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघ आणि लागेल तशी माती सारख. पहिले दहा-बारा दिवस दुपारी हिरव्या नेटची सावली, नंतर किमान सहा तास ऊन.

पाणी सकाळी, बुंध्याशी, थोडं थोडं. पानांवर आणि फुलांवर नको. ओल रेंगाळली की फळावर राखाडी बुरशी चढते आणि शेजारच्या फळालाही धरते. तसं फळ दिसलं की लगेच काढून कचऱ्यात टाक, कुंडीत पडू देऊ नकोस. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर पानांच्या कडा करपतील, कारण क्षार या रोपाला सोसत नाहीत. युरिया अजिबात नको. पानं माजतात, फळं कमी येतात आणि आली ती पिळपिळीत निघतात. पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळी आणि वर फिके ठिपके दिसले तर ती लाल कोळी नावाची कीड. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानं खालून धू, तेही सकाळीच, म्हणजे उन्हात वाळतील.

पहिले तीन-चार आठवडे आलेली फुलं खुडून टाक. जिवावर येईल, पण रोप आधी मुळांनी आणि पानांनी भरलं पाहिजे. साखर तिथूनच येणार. रनरही कापत जा.

फळं वेडीवाकडी आली तर खताला दोष देऊ नकोस. वर दिसणारं प्रत्येक बी हेच खरं तर एकेक फळ, आणि लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला तळ. ज्या बीला पराग पोचला नाही तिच्याभोवतीचा गर फुगत नाही आणि फळ एका बाजूने आखडतं. शेतात हे काम मधमाश्या करतात. तुझ्या सातव्या मजल्यावर त्या कमी येतील, तेव्हा फूल उमललं की रंगाचा मऊ ब्रश मधल्या पिवळ्या भागावर गोल फिरव. फुलापासून पिकायला साधारण महिना लागतो. थंडीत थोडा जास्त. फळाखाली वाळलेलं गवत घाल, म्हणजे ते ओल्या मातीला टेकणार नाही.

तोडताना फळ ओढू नकोस, देठ नखाने खुड. सकाळी तोडलेलं फळ टिकतं. न धुता, एका थरात, फ्रीजमध्ये ठेव. धुवायचं खाण्याच्या आधी, आणि हिरवी टोपी धुतल्यानंतरच काढ, नाहीतर पाणी आत शिरून चव पातळ होते. खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढलंस तर वास खुलतो; गारढोण फळाला निम्मा वासच नसतो. साखर आणि क्रीम नंतर, आधी नुसतीच खा.

मुरंब्याला एक किलो फळाला पाऊण किलो साखर, रात्रभर मुरू दे. या फळात पेक्टिन, म्हणजे मुरंबा घट्ट करणारा घटक, कमी, म्हणून दोन लिंबांचा रस हवाच, नाहीतर पाकच राहील. थोडी अर्धकच्ची फळं मिसळलीस तर लवकर घट्ट होतो. मोठ्या आचेवर, पसरट भांड्यात. फार वेळ रटरटला की रंग तपकिरी होतो.

एप्रिलात फळं बारीक होत जातील. रोपं पावसाळ्यात जगवायची खटपट करू नकोस, इथेही दरवर्षी नवीच लावतात.

दसऱ्यानंतर ये, रोपवाटिकेतून रोपं घेऊन देते. येताना उथळ क्रेट आण. पिशवीत कोंबून नेलीस तर क्राऊन मोडतात.

तुझी,
वैजू