१५ वर्षांवरच्या वाचकांनी चित्रं काढायची नाहीत का?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दोन आठवड्यांपूर्वी एक चौकट होती. 'पावसाळा' या विषयावर वाचकांनी चित्रं पाठवावीत, निवडक चित्रांना प्रसिद्धी देऊ. सकाळच्या घाईत मी ती कापून डब्याच्या पिशवीत टाकली. संध्याकाळी परतीच्या गाडीत वाचली, तेव्हा खाली बारीक टायपात दोन अटी दिसल्या. वय १५ वर्षांपर्यंत. आणि, संगणकावर काढलेली चित्रं स्वीकारली जाणार नाहीत. माझं वय ५४. माझं पावसाचं चित्र निम्मं कागदावर आणि निम्मं संगणकावर झालेलं. दोन्हीकडून मी बाद.

'ही तक्रार नाही' असं अशा पत्रात लिहायची पद्धत आहे. पण ही तक्रारच आहे.

मी मिरजेहून कोल्हापूरला रोज पॅसेंजरनं जा-ये करते. काम हिशेब विभागात. चित्रकलेचं शिक्षण म्हणजे शाळेत दिलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा. स्थिरचित्राला तांब्या, दोन वांगी आणि मागे चुण्या पडलेलं कापड होतं. वांग्यावरची चमक म्हणजे तिथला कागद कोरा सोडायचा, हे बाईंनी दहा वेळा सांगितलेलं. मी तिथंही जांभळा लावला आणि मग घाबरून वरून पांढरा थापला. 'बी' श्रेणी मिळाली. दहावीचं वर्ष आलं तशी रंगपेटी माळ्यावर गेली. हल्ली या परीक्षांच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून मुलांची झुंबड असते. गुण पदरात पडले की पेटी माळ्यावर जाते, यात मात्र काही फरक नाही. आपली १५ वर्षांची अट नेमकी त्याच वळणावर दार लावते.

माझी पेटी कधी खाली आली नाही. हातात आलं ते बॉलपेन. बारा वर्षांपूर्वी रुकडीला क्रॉसिंगसाठी गाडी बराच वेळ थांबली होती. मोबाइल बंद पडलेला, शेजारीण झोपलेली. पिशवीत मुलीच्या कच्च्या कामासाठी ऑफिसातले पाठकोरे कागद होते. समोर एक गृहस्थ टोपी गुडघ्यावर ठेवून घोरत होते. तेरीज पत्रकाच्या पाठीवर मी त्यांना काढलं. नाक चुकलं, बोटं भेंडीसारखी झाली, पण टोपी टोपीच दिसत होती. त्या टोपीनं मला नादाला लावलं.

मिरज ते कोल्हापूर अंतर पन्नास किलोमीटरही नाही, पण हात स्थिर राहील अशी मिनिटं त्यात मोजकीच. गाडी पळत असताना नुसतं पाहायचं. जयसिंगपूरला थांबली की डोकं आणि खांदे, हातकणंगल्याला हात, आणि गूळ मार्केट येईस्तोवर माणूस जागा होऊन केस विंचरायला लागतो. झोपलेली माणसं त्यातल्या त्यात बरी. तीही दगा देतात. एका धक्क्यासरशी मान डावीकडची उजवीकडे जाते आणि कागदावर दोन डोकी होतात. माझ्या वह्यांत दोन डोक्यांची माणसं पुष्कळ आहेत. एवढं मात्र हळूहळू कळलं, की माणूस नाकाडोळ्यांपेक्षा त्यानं पिशवी कशी धरलीय यावरून जास्त ओळखू येतो. भाजीची बुट्टी घेऊन बसलेली बाई झोपेतसुद्धा एक पाय बुट्टीला टेकवून ठेवते. तो पाय साधला, की चेहरा काढायचा राहिला तरी चालतं.

काढलेलं दाखवायची मात्र लाज वाटायची. तीनेक वर्षं वही पिशवीत जेवणाच्या डब्याखालीच होती. आमच्या डब्यातल्या बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, गाडी किती लेट आहे ते कळवण्यासाठी. एकीनं माझ्या खांद्यावरून पानाचा फोटो काढून त्यावर टाकला, आणि तो फिरत फिरत चित्रातल्या माणसापर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी ते हातकणंगल्याला चढले आणि थेट माझ्यासमोर उभे राहिले. "काय ओ ताई, एवढी पांढरी हाय का मिशी माझी?" मिशी भरायची राहून गेली होती. मी ओशाळले, माफी मागितली. त्यांनी माझंच पेन मागून घेतलं, स्वतःची मिशी स्वतः काळी केली आणि पानाचा नवा फोटो काढून घेतला. तेव्हापासून नियम केलाय. ज्याला काढलं त्याला आधी दाखवायचं, तो नको म्हणाला तर चित्र वहीबाहेर जाणार नाही. झोपलेल्या माणसाला न विचारता काढावं का, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. काढते मात्र आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सांगलीत गावभागात राहत होतो, तळमजल्यावर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. वह्या पलंगाखालच्या ट्रंकेत होत्या. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली, तर जलरंगांची पानं धुऊन निघालेली आणि जेलपेनच्या चित्रांचे नुसते निळे ढग झालेले. बॉलपेनच्या रेषा तेवढ्या जागच्या जागी होत्या. ती शाई तेलकट असते, पाण्यात विरघळत नाही. पण पानं एकमेकांना चिकटून वड्या झाल्या होत्या, सोडवायला गेलं की हातात लगदा येई. अशा सात वह्या. मग ग्रुपवर विचारलं, कुणाकडे काही आहे का. तिरके, कोपऱ्यात अंगठा आलेले, दिव्याखाली पिवळे पडलेले फोटो चार दिवस येत राहिले. एकतीस चित्रं परत मिळाली. मिशीवाल्यांनीही त्यांचं पाठवलं, काळ्या मिशीसकट.

ते फोटो नीट करता येतात का बघावं, एवढ्यासाठी मी भाच्याचा जुना लॅपटॉप मागून घेतला. त्यानं त्यात क्रिटा नावाचा फुकट मिळणारा चित्रांचा प्रोग्राम टाकला आणि बरोबर एक पेन टॅब्लेट दिली, पडदा नसलेली, काळी. सासूबाई तिला पाटी म्हणतात. पुढे कळलं की क्रिटा हा स्वीडिश शब्द आहे आणि त्याचा अर्थ खडू. पन्नाशीला टेकल्यावर मी पाटी-खडूपासून पुन्हा सुरुवात केली ती अशी.

संगणकावर काढणं म्हणजे बटण दाबणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आठवडाभर ही पाटी वापरून पाहावी. हात टेबलावर फिरतो आणि डोळे समोरच्या पडद्यावर. जिथं रेघ ओढतो तिथं काहीच उमटत नाही. पहिला आठवडा मी नुसतं 'श्री' गिरवत होते, आणि तो श्री झिंगलेला येत होता. मग झूमचं वेड लागलं. एका म्हाताऱ्यांच्या सदऱ्याची बटणं मोठी करून, प्रत्येकाला चार भोकं आणि भोकांतून दोरा, अशी दोन संध्याकाळी रंगवली. चित्र मूळ आकाराला आणलं तर बटणंच दिसेनात. कागदावर डोळा आणि पान यांच्यात हातभर अंतर असतं, ते अंतरच आपल्याला आवरतं हे तेव्हा समजलं.

सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट लेयरची. पारदर्शक कागदांची चळत समजा. तळाशी रेखाटन, त्यावर रंग, त्यावर सावली, सगळ्यात वर पाऊस. मी महिनाभर सगळं एकाच कागदावर रंगवत होते आणि सावली चुकली की खालचा चेहराही खरवडून जाई. सावलीला काळा घेतला की माणूस काजळी माखल्यासारखा दिसायचा. फिकट जांभळा घेऊन तो खालच्या रंगात गुणला, 'मल्टिप्लाय' म्हणतात त्याला, तर खालचा सदरा निळाच राहून सावलीत गेल्यासारखा झाला. आणि 'एम' हे बटण. ते दाबलं की चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं होतं. पहिल्यांदा दाबलं तेव्हा दिसलं की माझी सगळी माणसं एका बाजूला कलंडलेली आहेत, जणू प्रत्येक गाडी वळणावरच होती. आता वहीचं पानही मी खिडकीच्या उजेडाला धरून मागून तपासते.

छपाईचा धडा झेरॉक्सवाल्याच्या दुकानात मिळाला. पडद्यावर ऊस असा हिरवा दिसत होता, की बघत राहावं. कागदावर तो शिळ्या मेथीसारखा आला. दुकानातल्या मुलानं समजावलं, पडद्यावर रंग प्रकाशाचे असतात, लाल, हिरव्या, निळ्या उजेडाचे. छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया, आणि पडद्यावरचे भडक हिरवे त्या शायांना गाठताच येत नाहीत. हे तुम्हाला मी सांगावं असं नाही. रोजचं वर्तमानपत्र तुम्ही छापता.

आपल्या दुसऱ्या अटीमागचं कारण मला समजतं. आता चार शब्द टाइप केले की अर्ध्या मिनिटात छत्रीतली मुलगी, ओला रस्ता आणि रस्त्यात दिव्यांचं प्रतिबिंब असं चित्र तयार होऊन येतं. अशी पोत्यानं येतील, ही आपली भीती खोटी नाही. पण 'संगणकावर काढलेली' या दोन शब्दांत तुम्ही त्या चित्राला आणि माझ्या बटणांना एकाच पोत्यात भरलंय. एकोणीस संध्याकाळी बसून पावसाचं चित्र पुरं केलं आणि ग्रुपवर टाकलं, तर पहिली विचारणा आली, "एआयनं काढलं का गं?" मला रडू यायचं बाकी होतं. मग लॅपटॉपसमोर मोबाइल धरून एकेक लेयर बंद करत गेले. पाऊस गेला, सावल्या गेल्या, रंग गेले, शेवटी वहीतली बॉलपेनची रेघ राहिली, दोन डोक्यांच्या माणसासकट. त्यावर कुणी काही बोललं नाही. एकीनं फक्त विचारलं, "तो दोन डोक्यांचा कोण?"

तपासणी इतकी सोपी आहे. चित्रासोबत कच्चं रेखाटन मागवा. शंका आली तर लेयर सुटे असलेली फाइल मागा. क्रिटात चित्र काढताना पडद्याची नोंद ठेवायची सोयसुद्धा आहे. ज्यानं हातानं काढलंय त्याच्याकडे यातलं काहीतरी नक्की असतं, कारण चुका त्यानंच केलेल्या असतात.

वयाच्या अटीबद्दल आपल्याच व्यवसायातलं एक उदाहरण देते. अमेरिकेत 'सिएटल टाइम्स'मध्ये काम करणारे गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी २००७ साली 'अर्बन स्केचर्स' नावाचा गट सुरू केला. जागेवर बसून, डोळ्यांसमोर दिसतं ते काढायचं आणि एकमेकांना दाखवायचं, एवढाच त्यांचा शिरस्ता. चित्रकार असण्याची अट नाही, वयाची तर नाहीच. खुद्द कॅम्पानारिओंच्या शहरातल्या रेखाटनांना त्यांच्या वर्तमानपत्रानं सदर दिलं. इतक्या लांब जायचं नसेल, तर आपल्या कोल्हापुरात जन्मलेले चित्रकार म. वि. धुरंधर आहेत. त्यांनी काढलेली मुंबईतली साधी माणसं पोस्टकार्डांवर छापली जात. धुरंधरांच्या पासंगाला मी पुरणार नाही. पण रस्त्यावरची माणसं छापण्याजोगी असतात, हे शंभर वर्षांपूर्वी पोस्टकार्ड छापणाऱ्यांना पटलं होतं, एवढंच म्हणते.

मुलांची जागा कमी करा असं मी म्हणत नाही. महिन्यातून एकदा दोन कॉलमांची चौकट मोठ्यांना द्या. आमच्या एकाच डब्यात तिघं आहेत. एक निवृत्त मास्तर जे फक्त सिग्नलचे खांब काढतात, एक नर्सबाई ज्या रात्रपाळीनंतर डुलक्या खात खात हात काढतात, आणि मी. दुसऱ्या डब्यांत कोण कोण आहे, ते चौकट आल्याशिवाय कसं कळणार?

सोबत दोन चित्रं जोडली आहेत. एक वहीतलं पान, रुकडीच्या पुलावरून दिसलेली पंचगंगा, पाणी उसाच्या शेंड्यांना लागलेलं, आणि दारात छत्र्या निथळत उभ्या असलेल्या बायका. दुसरं तेच, रंगवलेलं, ए-फोर आकारात, ३०० डीपीआयवर. हिरवा मी आधीच उतरवून घेतलाय. कागदावरचा तपकिरी गोल चहाचा आहे, पाण्याचा नाही. बसत नसेल तर वरचं आभाळ कापा, पण डावीकडची कड कापू नका. तिथं बुट्टीला टेकवलेला पाय आहे.

आपली,
मिरजेची एक वाचक

ता. क. पत्र छापलंत तर कृपया नाव छापू नये. बारा वर्षांच्या पाठकोऱ्या कागदांचा हिशेब ऑफिसात अजून कुणी विचारलेला नाही.