पोस्टातल्या मॅडमना, बदलीच्या गावी

मॅडम, सप्रेम नमस्कार.

परवा पाकीट घेऊन काउंटरवर आले, तर तुमच्या खुर्चीत एक नवा मुलगा. "मॅडमची बदली झाली की," एवढंच म्हणाला. कुठं, ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. आपल्या सांगलीत कोण कुणाच्या ओळखीचं निघेल सांगता येत नाही, कुणीतरी वाचून तुमच्यापर्यंत पोचवेलच.

तुम्ही मला "चित्रकलेच्या बाई" म्हणायचा. पण ही चित्रविचित्र पाकिटं बाई कुणाला पाठवतात, आणि तिकडूनही तसलीच का येतात, हे तुम्ही कधी खोदून विचारलं नाहीत. विचारणार तरी कधी? माझ्या मागं आरडी भरायला आलेल्यांची रांग. आज रांग नाही, तर सांगते.

याला मेल आर्ट म्हणतात. चित्र काढायचं, कोलाज करायचं, शिवायचं, ठसे मारायचे आणि ते टपालानं दुसऱ्या चित्रकाराला पाठवून द्यायचं. तो त्याचं काहीतरी धाडतो. विकायचं काही नाही. अमेरिकेत रे जॉन्सन नावाचा एक चित्रकार होता, त्यानं 1950 च्या दशकापासून ओळखीच्या-अनोळखी लोकांना अशी पत्रं पाठवायला सुरुवात केली. काहींवर लिहिलेलं असायचं, यात भर घाला आणि अमक्याला पाठवा. 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्याच्या या मंडळींचं प्रदर्शन भरलं. त्यात मांडलेलं टपाल त्याचं स्वतःचं नव्हतं, त्याच्या सांगण्यावरून लोकांनी म्युझियमला धाडलेलं होतं, आणि जे आलं ते सगळं मांडलं. मला हा माणूस इथंच आवडला.

कारण आमच्या चित्रकलेच्या जगात सगळं परीक्षकांवर चालतं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, मग श्रेणी, मग स्पर्धा, मग प्रवेश शुल्क, मग फ्रेमचा खर्च, आणि शेवटी "आपली कलाकृती निवडली गेली नाही" असा कागद. मेल आर्टच्या प्रदर्शनाला फी नसते, परीक्षक नसतो, पाठवलेलं परत मिळत नाही आणि आलेलं सगळं लावतात. पोरांचे भेंडीचे ठसेही लावतात. यानं दर्जा घसरतो असं म्हणणारे भेटतात. घसरू दे की. दर्जा सांभाळायला बाकीची सगळी दुनिया बसलीच आहे.

आता तुमच्याकडं येते.

पहिल्यांदा मी खोटी तिकिटं लावून पाकीट आणलं तेव्हाचा तुमचा चेहरा मला अजून आठवतो. मेल आर्टवाले स्वतःची तिकिटं बनवतात. कडेला शिलाई मशीन बिनदोऱ्याचं चालवून भोकं पाडायची, मधे चित्र काढायचं. माझ्या तिकिटावर हळदीचं पोतं होतं आणि किंमत लिहिली होती "एक चमचा". तुम्ही चष्मा वर करून बघितलंत आणि म्हणालात, "बाई, हे काय? नोकरी घालवताय का माझी?" मी समजावून सांगितलं. तुम्ही क्षणभर विचार केलात आणि तोडगाही तुम्हीच काढलात. पुढं पत्ता आणि खरं तिकीट, बाकी सगळा खेळ मागच्या बाजूला. पत्त्याची उजवी बाजू मोकळी पाहिजे, तिथं एक फूल पण चालायचं नाही. कार्ड ठरलेल्या मापाच्या बाहेर गेलं की त्याला पाकिटाचं तिकीट. आत बटण, मणी, शिंपला घालायचा नाही. शिवायचंच असेल तर सपाट शिवा. एखाद्या कला महाविद्यालयात मर्यादा हा विषय इतका चांगला कुणी शिकवला नसता. तेव्हापासून माझ्या पाकिटांची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा सरस व्हायला लागली.

आणि तुमचा शिक्का! त्याबद्दल तर मला कधीचं लिहायचं होतं. घाईतला शिक्का कसा असतो ते सगळ्यांनी पाहिलंय. अर्धा तिकिटावर, अर्धा हवेत, तारीख काळ्या डागात बुडालेली. तुम्ही माझं पाकीट हातात आलं की पॅडवर शिक्का टेकवायचा, मग आधी बाजूच्या रद्दी कागदावर मारायचा. एकदा, पुन्हा एकदा. जादा शाई तिथं उतरली की मग पाकिटावर. मनगट सरळ, दाब सगळीकडं सारखा, आणि उचलताना सरळ वर, जरासुद्धा न घसरता. गावाचं नाव, तारीख, गोलाची कड, सगळं वाचता यायचं. लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर चित्र कोरून त्याचे ठसे छापणारा माणूस हेच करतो, मॅडम. पहिला ठसा ओला येतो, तो फुकट घालवायचा असतो. हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, रोज शेकड्यांनी शिक्के मारून हाताला कळलेलं होतं. चकचकीत ॲक्रिलिकवर तुमची शाई बसायची नाही, म्हणून तुम्हीच सांगितलंत की तिकिटाखाली खरखरीत कागद ठेवा. मी हातकागदावर आले ती त्यामुळं.

तुम्हाला वाटायचं की चित्र मी काढते आणि तुम्ही नुसतं रवाना करता. तिकडचे लोक मात्र पाकीट आलं की आधी शिक्का बघतात. चित्र तर मी घरी बसूनही काढलं असतं. ते निघालं, कुठून निघालं, कधी निघालं, याची सही तुमची असते. पोर्तुगालच्या एका बाईंनी माझं पाकीट त्यांच्या गावातल्या प्रदर्शनात उलटसुलट दोन्ही बाजूंनी दिसेल असं दोऱ्यानं टांगलं होतं. फोटो दाखवायला आणला तर तुम्ही तो रांगेतल्या आजोबांनाही दाखवलात. "माझा शिक्का बघा, परदेशात लटकलाय."

हळदीचं कार्ड आठवतं का? हळद घोटून कागदाला लावली, वाळवली आणि खायच्या सोड्याच्या पाण्यात ब्रश बुडवून त्यावर आपला कृष्णेवरचा आयर्विन पूल काढला. सोडा लागेल तिथं पिवळ्याचा लालसर तपकिरी होतो. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीला चुना लावून होतं, त्यातलीच ही गंमत. तुम्ही बोट लावून वास घेतलात आणि विचारलंत, "रंग टिकंल का ओ?" टिकत नाही. हळदीचा रंग उन्हात उडतो. तुम्ही म्हणालात, मग उघडं कार्ड कशाला, पाकिटात घाला. मी ऐकलं नाही, मला तिकीट हळदीवरच लावायचं होतं. ते जर्मनीला गेलं. तिथल्या मैत्रिणीनं खिडकीत ठेवलं, आणि उन्हाळा सरला तसा पूल पार फिकट झाला. मग तिनं तिकीट अलगद सोडवलं. त्याच्याखाली चौकोनी तुकडा तसाच्या तसा पिवळाधमक. तिनं तेवढाच तुकडा कापून नव्या कार्डावर चिकटवून मला परत पाठवला. ते कार्ड मी तुम्हाला दाखवायला आणलं त्या दिवशी सर्व्हर डाऊन होता आणि तुम्ही लोकांची बोलणी खात होता. राहूनच गेलं.

जपानच्या र्‍योसुके कोहेन यांचा "ब्रेन सेल" नावाचा उपक्रम 1985 पासून चालू आहे. ठिकठिकाणच्या लोकांनी पाठवलेली छोटी चित्रं, शिक्के, स्टिकर ते एका मोठ्या कागदावर छापतात आणि भाग घेतलेल्या प्रत्येकाला एकेक प्रत धाडतात. मी त्यासाठी खोडरबर कोरून 416416 या आपल्या पिन कोडचा ठसा केला होता. बाहेरच्यांना हा आकडा फार आवडतो, दोनदा तेच म्हणून. 15 ऑगस्ट 1972 ला पिन कोड सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांमुळं, आणि ते संस्कृतचे कवी होते, हे मी तुम्हाला सांगितलं. तर तुम्ही म्हणालात, "तरीच लक्षात राहतो, अनुप्रास आहे."

एकदा मात्र तुम्ही नाही म्हणालात. केरळच्या चित्रकारानं सुरू केलेला एक कागद होता, प्रत्येकानं काहीतरी भर घालून पुढं पाठवायचा. मला त्यावर तुमचा हात हवा होता, म्हणून म्हटलं, मधोमध एक शिक्का मारा. "तिकिटाशिवाय शिक्का नाही," तुम्ही म्हणालात, आणि आवाज एकदम ऑफिसचा. मी तिथंच एक रुपयाचं तिकीट घेतलं, तुमच्या डिंकाच्या बाटलीतला डिंक लावला आणि चित्रातल्या बैलाच्या पाठीवर चिकटवलं. मग तुम्ही हसत हसत मारलात. तो कागद पुढं भोपाळला गेला. भर घालणाऱ्यांच्या यादीत मी तुमचं नाव लिहू का असं विचारलं तर नको म्हणालात. मी "सांगली टपाल, काउंटर" असं लिहिलंय.

2019 च्या ऑगस्टमधलं तर मी विसरूच शकत नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, बटवडा बंद, आमच्या गल्लीत होड्या. बाहेरगावच्या मंडळींनी बातम्या बघून कार्डं पाठवली होती, कुणी होडी काढलेली, कुणी नुसतं "कशा आहात" लिहिलेलं. पाणी ओसरल्यावर तुम्ही ती एका पिशवीत घालून हातात दिलीत. तोवर तुमच्या स्वतःच्या घरातला चिखल निघाला नव्हता, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. त्यावर काय बोलावं ते तेव्हाही सुचलं नाही, आताही सुचत नाही. आभार मानते, बस्स.

नवा मुलगा चांगला आहे. पाकीट उलटंपालटं करून बघत होता. मी त्याला रद्दी कागदाची युक्ती सांगितली. पहिल्यांदा मारलं ते थोडं घसरलं, पण तारीख वाचता येते.

तुमच्यासाठी एक कार्ड करून ठेवलंय. 1843 मध्ये सांगलीत मराठी नाटक उभं करणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या लाकडी बाहुल्या आहेत त्यावर. एक बाहुली काउंटरमागं बसलीय, चष्मा वर केलेला. माप ठरलेलं, उजवी बाजू मोकळी, तिकीट खरं. नव्या ऑफिसचा पिन कोड तेवढा कळवा.

तुमच्या,
चित्रकलेच्या बाई
सांगली 416416