पाच वर्षांचे पुस्तक

सांगली,
गुढीपाडवा, ३० मार्च २०२५

चि. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सकाळी गुढी उभारली. श्रीखंड आईने घरीच केले आणि तुझ्या वाट्याची वाटी नेहमीप्रमाणे माझ्याकडे आली. गेल्या रविवारी तू फोनवर जे विचारलेस, त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. फोनवर माझा आवाज चढतो आणि मुद्दा मागे राहतो, म्हणून लिहायला बसलो आहे. "बाबा, बायकांच्या हातात महिन्याला पंधराशे रुपये गेले, तर तुमच्यासारख्या उजव्या लोकांच्या पोटात का दुखते?" असा तुझा प्रश्न होता. त्यातले 'उजवे' हे विशेषण मला मान्य आहे. वसंतदादांच्या या जिल्ह्यात कमळाला मत देणे म्हणजे मत पाण्यात टाकणे, असे शेजारीपाजारी म्हणत, तेव्हापासून मी त्याच चिन्हावर शिक्का मारत आलो, आणि गेल्या नोव्हेंबरात बटणही तेच दाबले. पोटात दुखते हेही खरे आहे. पण कारण तू समजतेस ते नव्हे.

तुला ठाऊक आहे, जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात चौतीस वर्षे काढल्यामुळे अर्थसंकल्पाच्या दिवशी मी भाषण ऐकत नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातले आकडे घेऊन पाठकोऱ्या कागदावर बसतो. १० मार्चला मांडलेल्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. एका महिलेला महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये. भागाकार करून पाहा, बरोबर दोन कोटी महिला येतात. लाभ घेणाऱ्या महिला मात्र २ कोटी ४० लाखांच्या आसपास असल्याचे सरकारच सांगत आले आहे, आणि तेवढ्यांना वर्षभर द्यायचे तर ४३,२०० कोटी लागतात. म्हणजे एक तर ही तरतूद अपुरी आहे, किंवा चाळीस लाख महिलांची नावे हळूहळू कमी करायची हे आधीच ठरले आहे. दोन्हींपैकी काय खरे, हे भाषणात कोणी सांगितले नाही. निवडणुकीत कबूल केलेल्या २,१०० रुपयांचा उल्लेखही त्यात नव्हता. ते द्यायचे झाले तर साठ हजार कोटींच्या वर जावे लागेल.

माझे दुखणे इथून सुरू होते. मी जन्मभर ज्या पक्षाला मत दिले, त्याच्या सर्वोच्च नेत्याने जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनाच्या भाषणात 'रेवडी' वाटून मते मिळवण्याच्या रीतीपासून तरुणांना सावध केले होते. मी त्या दिवशी आईला बोलावून ते भाषण ऐकवले होते, कारण बऱ्याच वर्षांनी कोणीतरी माझ्या मनातले मोठ्याने बोलत होते. पुढे दोनच वर्षांनी, लोकसभेला महाराष्ट्रात महायुतीला ४८ पैकी १७ जागांवर थांबावे लागल्यावर, २८ जूनच्या अतिरिक्त अर्थसंकल्पात ही योजना आली. फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पात तिचा मागमूस नव्हता. चार महिन्यांत राज्यातील बहिणींची गरज वाढली, की भावांची, हे तूच ठरव. नोव्हेंबरच्या ५ तारखेला शेजारच्या कोल्हापुरातून २,१०० रुपयांची घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईतून महाविकास आघाडीने तीन हजारांची केली. मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा बोली लावणाऱ्याला संध्याकाळी निदान स्वतःचे पैसे मोजावे लागतात. येथे बोली लावणाऱ्यांपैकी एकाचाही खिसा हलणार नव्हता. फेब्रुवारीत दिल्लीच्या निवडणुकीत हाच खेळ पुन्हा झाला, फक्त रक्कम अडीच हजार होती. विरोधकांना मी दोष देत नाही, त्यांच्याकडून मला वेगळी अपेक्षाच नव्हती. आपल्या माणसांचा राग अधिक येतो, एवढेच.

तू म्हणशील, बाबांनी पुन्हा हिशेब काढला; गरिबाच्या घासाचा कुठे हिशेब मांडतात? मांडावाच लागतो, आणि तो गरिबाच्याच बाजूने मांडता येतो. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत, अंकगणिताचे पुस्तकही त्यांनी लिहिले होते. २६ मार्च १९०२ रोजी केंद्रीय कायदेमंडळातील त्यांचे अर्थसंकल्पावरील पहिले भाषण झाले, तेव्हा सरकारी तिजोरीत शिल्लक दिसत होती आणि सरकार त्या शिलकीवर खूश होते. दुष्काळाने गांजलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याने ती शिलक दिसते आहे, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले, मिठावरील कर कमी करा म्हणून ते मागे लागले, आणि पुढच्या वर्षी तो कमी झाला. आज आपल्याकडे शिलकीचा प्रश्नच नाही. यंदाची महसुली तूट ४५,८९१ कोटी आहे. महसुली तूट म्हणजे रोजचा खर्च भागवण्यासाठी कमी पडलेली रक्कम, आणि ती शेवटी कर्जातूनच येते. विहीर खणायला काढलेले कर्ज विहीर फेडते. ऋण काढून सण केला तर ते कोण फेडणार? राज्यावरील एकूण कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल, असा सरकारचाच अंदाज आहे. ते ठरलेल्या मर्यादेत आहे, हा सरकारचा खुलासा मला मान्य आहे; राज्य काही उद्या बुडत नाही. पण माणशी सुमारे पाऊण लाख होणारे हे कर्ज ज्यांना फेडायचे आहे, त्यांच्यातील पुष्कळजण आज पाळण्यात आहेत आणि त्यांना कोणी विचारलेले नाही.

आता तुला तुझ्या आजीची गोष्ट सांगतो. तू अर्धीच ऐकली आहेस. १९७२ च्या दुष्काळात मी सोळा वर्षांचा होतो. तासगाव तालुक्यातील आमच्या गावाची विहीर दिवाळीलाच तळाला गेली आणि माझी आई दुष्काळी कामावर जाऊ लागली, आधी खडी फोडायला आणि मग पाझर तलावाच्या बांधावर माती टाकायला. सुट्टीच्या दिवशी मीही पाटी उचलायला जाई. दुपारी सुकडी मिळे, ती आई फडक्यात बांधून धाकट्यांसाठी घरी आणी. शनिवारी मुकादम मस्टर घेऊन बसे आणि खड्ड्याचे माप घेऊन पैसे होत. मापाचा दर गड्याला आणि बाईला एकच होता, आणि त्या काळी आमच्या भागात शेतावर असे कुठेच नव्हते. आईने स्वतःच्या नावाने घेतलेले ते पहिले पैसे. ती अंगठा उठवी, पण मस्टरवर आपल्या नावाची ओळ कुठे आहे, हे तिला बोट ठेवून दाखवता येत असे.

रोजगार हमीचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये आपल्याच तालुक्यात विसापूर भागात झाला. वि. स. पागे यांनी तो नेटाने पुढे रेटला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताक दिनी तो अमलात आला आणि पुढे २००५ मध्ये दिल्लीने तीच कल्पना देशभर नेली. पागे काँग्रेसचे, म्हणजे माझ्या पक्षाचे नव्हेत. तरीही माझ्या मते स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने केलेला तो सर्वांत सचोटीचा खर्च होता, आणि त्याचे कारण कायद्याइतकेच करात आहे. तुझ्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात ना? तो कर १९७५ मध्ये याच योजनेसाठी लावला गेला. शहरातील नोकरदाराला उघडपणे सांगितले गेले, की खेड्यातील माणसाच्या हाताला काम मिळावे म्हणून हे पैसे तुझ्याकडून घेत आहोत, आणि जितका कर जमा होईल तितकीच भर सरकारने घालावी, असेही ठरले. देणारा कोण, घेणारा कोण आणि मध्ये उभे काय राहिले, हे तिघांनाही दिसत होते. मस्टरवर खोटी नावे चढत, हेही मी लपवत नाही. अशा मस्टरांवर शेरे मारून मी दोनदा बदली ओढवून घेतली आहे. पण खोटे नाव पकडता येत होते, कारण बांध जागेवर होता आणि तो मोजता येत होता.

लाडकी बहीण योजनेत नेमके उलटे घडले. कोषागारात पहिल्या दिवशी शिकवतात, की आधी पडताळणी आणि मग देयक. येथे मतदानापूर्वी स्वयंघोषणेवर अर्ज घेतले गेले, नोव्हेंबरपर्यंतचे पाच हप्ते जमाही झाले आणि निकालानंतर पडताळणी सुरू झाली. फेब्रुवारीत पाच लाख महिला अपात्र ठरल्याचे जाहीर झाले. त्यांतील एक लाख दहा हजार पासष्ट वर्षांवरील होत्या. मृणाल, वय आधार कार्डावर छापलेले असते. जुलैत ते वाचता येत नव्हते आणि फेब्रुवारीत वाचता आले, यावर कोणता लेखापरीक्षक विश्वास ठेवील?

आणखी एक गोष्ट मला खटकते. तिला तू कदाचित हसशील. योजनेचे नाव. नाती मी फार मानतो आणि म्हणूनच सरकारने कोणाचा भाऊ होऊ नये, असे मला वाटते. ओवाळणी परत मागायची नसते, ती कमी पडली तर बहिणीने तोंड उघडायचे नसते, आणि भाऊबीजेला भावाने किती टाकावे याचा कायदा नसतो. सरकारकडून मिळणारी गोष्ट अशी असून चालत नाही. तिला नियम हवा, मुदत हवी, दाद मागायला जागा हवी. तुझ्या आजीला कोणी लाडकी म्हटले नाही. मस्टरवर नाव लिहिले, आणि ते सुटले तर तहसील कचेरीत जाऊन भांडता येत होते.

तेव्हा पैसे बंद करा, असे मी म्हणतो का? नाही, आणि येथे माझ्या बाजूचे मित्रही माझ्याशी भांडतात. गेल्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयात अशा मोफत योजनांविषयी बोलताना आपण परजीवींचा वर्ग तर तयार करत नाही ना, अशी विचारणा झाली, आणि आमच्या सकाळच्या कट्ट्यावर तो शब्द सगळ्यांनी चवीने उच्चारला. मी उठून आलो. आपल्या पारूताई पहाटे साडेपाचला घराबाहेर पडतात, पाच घरची धुणीभांडी करतात आणि दुपारी एका मंगल कार्यालयात पोळ्या लाटतात. त्यांना परजीवी म्हणायचे, तर चौतीस वर्षे खुर्चीत बसून आता निवृत्तिवेतन घेणाऱ्या मला काय म्हणायचे?

माझे म्हणणे इतकेच आहे, की शब्द देण्यापूर्वी दहादा मोजावे आणि दिल्यावर तो मोडू नये. पात्र बाईला ठरलेले पंधराशे मिळालेच पाहिजेत. त्यासाठी कोणता खर्च थांबवणार किंवा कोणता कर लावणार, ते नाव घेऊन सांगितले पाहिजे. आणि २,१०० जमणार नसतील तर तेही तोंडावर सांगितले पाहिजे. परवा उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी शेतकऱ्यांना ३१ मार्चपूर्वी पीककर्ज भरण्यास सांगितले, आज कर्जमाफी देण्यासारखी परिस्थिती नाही असेही सांगितले. महायुतीच्या जाहीरनाम्यात कर्जमाफी होती. त्यांच्या बोलण्यातला स्पष्टपणा मला आवडला. तो नोव्हेंबरात दाखवला असता, तर अधिक आवडला असता. उद्या ३१ तारीख आहे, आणि माफी होईल या आशेवर वर्षभर हप्ता थांबवलेले आपल्या भावकीतलेच तिघे आज सणाच्या दिवशी उसनवारीला बाहेर पडले आहेत.

पारूताईंचे तुला सांगायचे राहिले. मागच्या आठवड्यात त्या हात पुसत माझ्या टेबलाशी आल्या आणि पिशवीतून पोस्टाचा अर्ज काढला. नातीच्या नावाने महिन्याला पाचशे रुपयांची आवर्ती ठेव त्यांना काढायची होती; उरलेल्या हजारात गॅस आणि रक्तदाबाच्या गोळ्या बसवतात म्हणाल्या. मी अर्ज भरून दिला, वारसाचा रकाना भरला आणि चार हप्ते चुकले तर खाते बंद पडते, हेही समजावून सांगितले. त्या थोडा वेळ उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही हापिसात होतात, तुम्हाला कळत असंल. हे पुस्तक पाच वर्षांचं हाय. तवर पैसं येत्याल ना?"

मी त्यांना पोस्ट किती वाजता उघडते तेवढे सांगितले.

आई तुला आंब्याच्या सुट्टीत चार दिवस तरी ये म्हणते.

तुझे,
बाबा