कोड खुला करा, पण मालकीचे कागद आधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान सॉफ्टवेअर कंपन्यांनी आपला कोड, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या ओळींनी बनते तो मजकूर, मुक्तस्रोत (कोणालाही पाहण्या-वापरण्याची मुभा देणाऱ्या) परवान्याखाली खुला करावा, असे सुचवणारा लेख आपल्या दैनिकात वाचला. सूचना मला मनापासून पटते. पण त्या वाटेवर आम्ही ज्या खड्ड्यात पडलो, त्याचा उल्लेख लेखात नाही, म्हणून हे पत्र.

आमची सांगलीत अकरा जणांची कंपनी आहे. पतसंस्थांच्या ठेवी आणि कर्जखाती सांभाळणारे आमचे सॉफ्टवेअर आम्ही चार वर्षांपूर्वी जीपीएल परवान्याखाली दिले. हा कॉपीलेफ्ट परवाना. कोड कोणीही वापरावा, बदलावा, विकावासुद्धा. मात्र बदललेले सॉफ्टवेअर दुसऱ्याला देताना सोर्स कोडही त्याच अटींवर द्यायचा. ज्याला ही अट नको, त्याला वेगळा व्यावसायिक परवाना विकायचा, असा आमचा हिशेब होता.

तसा ग्राहक आलाही. त्याच्या वकिलांचा पहिलाच प्रश्न होता, ‘या कोडचे मालक कोण?’ व्याज आकारणीचा सगळा भाग आम्ही बाहेरच्या एका मुलाकडून करून घेतला होता. पैसे वेळेवर दिले, लेखी करार मात्र केला नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीतल्या माणसाने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची मालकी कंपनीची. सुटे काम करून देणाऱ्याचे तसे नाही. त्याचे हक्क घ्यायला त्याच्या सहीचा कागद लागतो. म्हणजे तो भाग जीपीएलखाली देण्याचा आमचा अधिकारसुद्धा निर्विवाद नव्हता! मुलगा तोवर परदेशी गेलेला. सही मिळायला सहा महिने लागले. ग्राहक तेवढा थांबला नाही.

कागद करतानाही जपावे लागते. याच कायद्याच्या कलम 19 नुसार हस्तांतराची मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जगभर डाउनलोड होणाऱ्या कोडला हे कसे पुरणार? बाहेरचे लोक प्रेमाने दुरुस्त्या पाठवतात, त्यांचाही हाच प्रश्न. त्यांच्या ओळी जीपीएलखाली वापरता येतात, पण त्यांच्या संमतीशिवाय व्यावसायिक परवान्यात घालून विकता येत नाहीत.

मालकी किती मोलाची, हे मायएसक्यूएल या डेटाबेस (माहिती साठवण्याचे) सॉफ्टवेअरच्या कंपनीने दाखवून दिले. जीपीएल आणि व्यावसायिक परवाना अशा दुहेरी पद्धतीवर उभ्या असलेल्या त्या स्वीडिश कंपनीसाठी सन या अमेरिकी संगणक कंपनीने 2008 मध्ये सुमारे शंभर कोटी डॉलर मोजले. पुढे 2010 मध्ये सन कंपनी ओरॅकल या बड्या सॉफ्टवेअर कंपनीकडे गेली. मायएसक्यूएलचे मूळ निर्माते मायकेल विडेनियस यांनी तोच कोड घेऊन मारियाडीबी हा वेगळा डेटाबेस काढला. जीपीएलमुळे ते त्यांना कोणी नाकारू शकले नाही. पण त्या जुन्या कोडचा व्यावसायिक परवाना विकण्याचा हक्क त्यांच्याकडे उरला नव्हता, कारण कॉपीराइट ओरॅकलचा. दिलेली मोकळीक परत घेता येत नाही आणि विकलेली मालकीही.

दुसरा धोका क्लाउडचा. सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवून नुसती सेवा विकणाऱ्याला जीपीएलची सोर्स देण्याची अट लागू होत नाही. ही फट बुजवायला 2007 मध्ये एजीपीएल हा, नेटवर्कवरून सेवा देणाऱ्यालाही सोर्सची अट घालणारा परवाना आला. मोंगोडीबी या डेटाबेस कंपनीला तोही अपुरा वाटला, म्हणून त्यांनी 2018 मध्ये आणखी कडक परवाना आणला. काही महिन्यांतच ॲमेझॉनने मोंगोडीबीशी जुळणारी स्वतःची डेटाबेस सेवा सुरू केली, आणि डेबियन, फेडोरा या मुक्त लिनक्स प्रणालींनी मोंगोडीबी आपल्या संग्रहातून काढून टाकले. परवाना मागाहून बदलणे असे दोन्हीकडून महागात पडते.

आम्ही जीपीएल सोडलेला नाही, सोडणारही नाही. आपल्या जिल्ह्यातल्या पतसंस्थांना हिशेबाची यंत्रणा उघडून पाहता यावी, असे आम्हाला आजही वाटते. पण जिल्हा उद्योग केंद्रे आणि उद्योजक संघटनांनी सुट्या कामासाठीच्या हक्क-हस्तांतर कराराचा नमुना मराठीत उपलब्ध करून द्यावा, ही कळकळीची विनंती. वकिलांकडून तपासून घेतलेला एक नमुना आमच्याकडे तयार आहे. कोणालाही विनामूल्य देऊ.

आपला,
एक लघुउद्योजक, सांगली