‘समुपदेशन झाले’ या नोंदीबद्दल

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रीमहोदया, सप्रेम नमस्कार.

गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी चालू असताना ठेवतात त्या निरीक्षणगृहात मी समुपदेशक म्हणून जाते. गेल्या पावसाळ्यात १४ वर्षांचा एक मुलगा समोर बसला होता. चाळीतल्याच ६ वर्षांच्या मुलीवर त्याने अत्याचार केला होता. पाऊण तास खुर्चीची कड नखाने खरवडत राहिला आणि उठता उठता म्हणाला, “ती शाळेत जाते का आता?” मला उत्तर माहीत नव्हतं. पुढच्या भेटीआधीच त्याला जामीन मिळाला. फायलीत नोंद आहे, ‘समुपदेशन झाले’. खाली सही माझीच.

२०१२ च्या दिल्ली सामूहिक बलात्कार (निर्भया) प्रकरणातला अल्पवयीन दोषी २० डिसेंबर २०१५ रोजी सुटला आणि दोनच दिवसांत राज्यसभेने बाल न्याय विधेयक मंजूर केलं. १६ ते १८ वयाच्या मुलांवर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, यावर रान पेटलं होतं. त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये विशेष गृहातल्या, म्हणजे दोषी ठरल्यावर पाठवलेल्या, मुलाला समुपदेशन, वर्तनसुधार उपचार आणि मानसोपचार द्यायचे असं लिहिलंय. त्यावर कोण भांडणार?

उपचार म्हणजे ‘पुन्हा असं करू नकोस’ सांगणं नव्हे. ‘तिनेच’, ‘चुकून’ हे शब्द गळून पडायलाच कित्येक बैठका जातात. मोबाइलवर काय पाहिलं, त्याच्याशी लहानपणी कुणी काय केलं, हे त्यानंतर बाहेर येतं. मग घर. दहा बाय बाराच्या खोलीत कोण कुठे झोपतं, लहान भावंडं कुणाच्या भरवशावर असतात, हे आईबापांसोबत बसूनच ठरवावं लागतं. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या चार्ल्स बोर्डुइन यांनी घराला धरून असेच उपचार केले. २००९ मध्ये निष्कर्ष आले: सुमारे नऊ वर्षांत या गटातल्या ८ टक्के मुलांना पुन्हा लैंगिक गुन्ह्यासाठी अटक झाली, नेहमीच्या सेवा मिळालेल्या गटात ४६ टक्के. मुलं अवघी ४८ होती, मान्य. पण फरक बघा.

आणि कृपा करून सगळ्यांना एकाच बाकावर बसवू नका. अल्पवयीन मैत्रिणीसोबत पळून गेलेला १७ वर्षांचा मुलगाही पोक्सोखालीच, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालीच, येतो. त्याला या उपचारांची गरज नाही.

मला हवंय ते एवढंच: प्रत्येक जिल्ह्यात या कामाचं प्रशिक्षण घेतलेला एक तरी माणूस, जामिनानंतरही चालू राहणाऱ्या बैठका, आणि मुलगा त्याच चाळीत परतण्याआधी मुलीच्या घरच्यांशी बोलणं. आज त्यांना तो जिन्यात दिसल्यावरच कळतं.

निरीक्षणगृहाला भेट द्याल तेव्हा मुलं स्वागतगीत म्हणतील, भेटकार्डंही देतील. ते झालं की रजिस्टर मागवा आणि एकेका ‘समुपदेशन झाले’मागे किती भेटी झाल्या ते विचारा. माझ्या सहीपासून सुरुवात केलीत तरी चालेल.

आपली,
एक समुपदेशक