एस्तेरच्या खाणावळीचा कोशेर परवाना

तीर्थरूप मामांस, शालोम.

आपले पत्र पोहोचले. एस्तेरच्या खाणावळीसाठी पैसे देण्यापूर्वी आपण विचारले आहे की, ज्या घरात मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून मटणाच्या रश्श्याला पिढ्यान्‌पिढ्या नारळाचेच दूध लावले जाते, त्या घरच्या मुलीला आपले अन्न कोशेर, म्हणजे ज्यू धर्माच्या आहारनियमांना धरून, असल्याचा कागद पैसे मोजून का घ्यावा लागतो. प्रश्न रास्त आहे.

येथे इस्रायलमध्ये 1983 च्या कायद्याप्रमाणे मुख्य रब्बिनेटच्या, म्हणजे सरकारी धर्मसंस्थेच्या, किंवा तिने अधिकार दिलेल्या स्थानिक रब्बीच्या (धर्मगुरूच्या) लेखी प्रमाणपत्राशिवाय कोणत्याही उपाहारगृहाला स्वतःला कोशेर म्हणवता येत नाही. प्रमाणपत्राची फी भरावी लागते आणि मशगियाखाचा, म्हणजे तपासनिसाचा, मोबदला निराळा द्यावा लागतो. खरी गोम इथेच आहे. ज्या मालकाच्या स्वयंपाकघरावर नजर ठेवायची, त्याच्याच गल्ल्यातून मशगियाखाचा पगार निघतो. मग तो नि:स्पृहपणे तपासणी करील, असे गिऱ्हाइकाने कशाच्या भरवशावर मानावे? राज्य लेखापरीक्षकांच्या 2017 च्या अहवालानेही या व्यवस्थेवर कडक ताशेरे ओढले होते.

एस्तेरकडे येणारे गृहस्थ सज्जन आहेत. ते सकाळी येऊन स्वतःच्या हाताने शेगडी पेटवतात, नारळाच्या दुधाच्या डब्यावरचा शिक्का वाचतात, पीठ चाळले आहे का ते पाहतात आणि थोड्याच वेळात पुढच्या दुकानी जातात. कोथिंबीर मात्र बाजारातली चालत नाही. कीड लागू नये म्हणून बंदिस्त जागेत वाढवलेली, शिक्क्याच्या पिशवीतलीच घ्यावी लागते आणि ती बरीच महाग पडते. किडा पोटात जाऊ नये हा तोराचा, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाचा, नियम मलाही शिरोधार्य आहे, परंतु आजीने शिकवल्याप्रमाणे पान न्‌ पान उजेडात धरून निवडणाऱ्या मुलीच्या निगुतीला या व्यवस्थेत काहीच मोल नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. 1964 साली आपल्या बेने इस्रायल, म्हणजे भारतातल्या मराठी ज्यू, लोकांना विवाहाच्या प्रश्नावर याच रब्बिनेटविरुद्ध जेरुसलेमला ठिय्या द्यावा लागला होता, हे आपण जाणताच.

सप्टेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक वाट मोकळी केली: कोशेर हा शब्द न वापरता, आपण कोणते नियम पाळतो आणि त्यावर कोणाची देखरेख आहे, हे दुकानदाराला लिहून लावता येते. त्यानंतर त्झोहार या रब्बींच्या संस्थेने 2018 पासून अशी देखरेख सुरू केली. नोव्हेंबर 2021 मध्ये खासगी संस्थांनाही प्रमाणपत्र देऊ देणारा कायदा संमत झाला, परंतु 2022 च्या अखेरीस सरकार बदलले आणि ती सुधारणा रखडली.

एस्तेरने तूर्त रब्बिनेटचेच प्रमाणपत्र ठेवावे, असे माझे मत आहे. आमच्या गावातील वडीलधारी मंडळी दारावरचा तो कागद पाहिल्याशिवाय आत येत नाहीत, आणि बार मित्झ्वाच्या, म्हणजे मुलगा तेरा वर्षांचा झाल्यावर होणाऱ्या धार्मिक समारंभाच्या, जेवणांवरच तिची मुख्य मदार आहे. म्हणून पैसे देताना मशगियाखाचा निदान वर्षभराचा मोबदला भांडवलातच धरावा, ही विनंती. मामींना शालोम सांगावा.

आपला भाचा,
शिमोन