काट्या टाकल्या म्हणून

प्रिय भो,

काल तुझा फोन झाल्यापासून डोकं भणभणतंय. चुलतभावाने वाटेवर काट्या टाकल्या, केळी कटाईला आली आणि ट्रॅक्टर आत जाईना, म्हणून तुला राग आला यात काहीच चूक नाही, मलाही आला असता. पण तू म्हणतो दहाबारा पोरं नेऊ, फक्त धाक दाखवू, तिथं माझं जमत नाही. धाक दाखवायला गेलेली गर्दी कुठं थांबते ते कोणाच्याच हातात नसतं रे. आपल्या शेजारच्याच धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला पाच भिक्षेकऱ्यांना मारून टाकलं, मुलं पळवणारे आलेत अशी अफवा, अन् मारणाऱ्यांतल्या कित्येकांना वाटत असेल आपण पोरं वाचवतोय. तुझी बाजू खरी आहे मान्य, पण काठी उचलली की खरं खोटं बाजूलाच राहतं, आणि वहिनींचं काय ते पण बघ.

आता दुसरं. तंटामुक्तीवाले म्हणताय "घरातलं आहे, मिटवून टाका", ते पण मला पटत नाही. २००७ ला ती मोहीम आली तेव्हा चांगलं वाटलं होतं, पण मिटवलेल्या तंट्यांवर गुण, वर गावाला बक्षीस, मग ज्याचा आवाज लहान त्यालाच गप्प बसवतात. तू काकाच्या वजनापुढे वाट सोडून सही करशील, आणि दोन वर्षांनी परत हेच, फक्त राग दुप्पट. याला शांतता म्हणायचं का?

आपल्या अमळनेरला शिकवणारे साने गुरुजी १९४७ ला पंढरपूरच्या मंदिरासाठी उपोषणाला बसले, कोणावर हात उगारला नाही पण मागणीही सोडली नाही, दलितांना मंदिर उघडंच करून घेतलं. तुझ्यामाझ्यासारख्याला उपोषण वगैरे झेपायचं नाही म्हणा, पण अर्ज तर झेपतो ना! मामलेदार न्यायालय कायदा १९०६, कलम ५, तहसीलदाराकडे दावा टाक, वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत टाकावा लागतो, तेवढं लक्षात ठेव. सातबारा, नकाशा, वाटेचे फोटो जोड, जुनी वाट माहीत असलेली दोन म्हातारी माणसं साक्षीला घे.

आणि काकाला आधी एकदा एकटा जाऊन भेट, पोरं सोबत नको. चहा घे, पण दावा टाकणार आहे ते तोंडावर सांग, मागून नको. ऐकलं तर बरंच. नाही ऐकलं तर सोमवारी चोपड्याला ये, मी तहसीलजवळच भेटतो, कागद सोबत आण.

तुझाच

ता.क. कटाईच्या गाडीवाल्याला दोनतीन दिवस थांबायला सांग, नाहीतर तोच घाई करून भांडण लावून देईल.